पालखी वळते ती जागा

मुलुंड (पूर्व)
११ जानेवारी १९८८

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीलाही घरी येऊ नकोस. तिळगूळ मधल्या स्टेशनच्या फलाटावर देऊ, नेहमीच्या बाकावर. तिथे आमच्या इमारतीतलं कुणी उतरत नाही.

तू रागावशील. आधी कारण वाच.

आमच्या वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात, भाऊ खानविलकर. त्यांचे वडील गावाहून कायमचे राहायला आले आहेत. परवा जिन्यात भेटले. मला थांबवून म्हणाले, "काय गो बाय, म्हायेर कुटला तुजा?" मी वेळवण म्हणून बसले. हे घर घेतल्यापासून जो विचारेल त्याला तेच सांगत आले. वेळवण कुठे आहे हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हातारे वेळवणचेच निघाले.

काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "माज्या गावची पोर," म्हणाले. मग विचारलं, "कुनाची गो तू?" दूध उतू जातंय असं सांगून मी आत आले. शेगडीवर काही नव्हतं.

मार्चच्या सभेत आमच्या सभासदत्वाचा अर्ज येणार आहे. घर विकत घेतलं तरी सोसायटीने सभासद करून घेतल्याशिवाय इथे राहता येत नाही. भाऊ नाही म्हणाले तर बाकीचे हो म्हणणार नाहीत. मागच्या वर्षी तळमजल्यावरच्या एका कुटुंबाला असंच नाकारलं. कारण कुणी लिहिलं नाही, पण जिन्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती माणसं गेली. त्यांच्याही खिडकीत तुळस होती, आमच्यासारखी.

मोहिते आडनावामुळे लोक आम्हाला मराठा समजतात. आम्ही तसं कधी म्हटलं नाही. तसं नाही, असंही म्हटलं नाही.

पोस्टकार्ड पाठवू नकोस. पोस्टमन सगळ्यांची पत्रं जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर टाकून जातो आणि वर येताना लोक चाळतात. आंतर्देशीय पाठव, कडा नीट चिकटवून. मागे वसाहतीचं नाव घालू नकोस. नुसतं घाटकोपर पुरे.

तुझी,
रत्ना


घाटकोपर
१८ जानेवारी १९८८

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम. घाबरू नकोस, आत लिहिलंय. कडाही खळ लावून चिकटवल्या आहेत. फाडताना अर्धं पत्र गेलं तर मला सांगू नकोस.

फलाटावर भेटलीस, बरं वाटलं. पण बाकावर आपल्या दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा तू मोकळी ठेवलीस. तिथे एक गृहस्थ येऊन बसले. तू माझा तिळगूळ त्यांच्यासमोरून घेतलास आणि "थँक्यू" म्हणालीस. सख्ख्या बहिणीला थँक्यू. त्या गृहस्थांनाही एक लाडू द्यावा लागला मला.

बोलणं झालंच नाही. म्हाताऱ्याचं नाव काय? आणि आमचे जावईबापू चंद्रप्रकाश काय म्हणतात? ट्रॉम्बेला एवढ्या मोठ्या ठिकाणी ते काम करतात, तिथे सगळ्यांना त्यांची जात माहीत आहे आणि कुणी त्यांना काढून टाकलेलं नाही. मग घरी येताना ती कुठल्या स्टॉपवर उतरवतात?

चिडू नकोस. बालवाडीत दिवसभर चाळीस पोरं ओरडतात, त्यानंतर माझी जीभ अशीच चालते.

आमच्याकडे मोर्चाची तयारी चालू आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथातला भाग गाळा म्हणतात, ते तू पेपरात वाचत असशीलच. वसाहतीतल्या सगळ्या बाया जाणार. मीही. तू ये म्हणत नाही.

तुझी,
सुगंधाताई


मुलुंड (पूर्व)
२८ जानेवारी १९८८

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

त्यांचं नाव काशीराम. सत्तरीचे असतील. भाऊ आणि त्यांची बायको जानकी दोघंही नोकरीला जातात. म्हातारे दिवसभर एकटे. दुपारी ते आमच्याकडे येऊन बसू लागले आहेत. मी बोलावलं नाही. येऊ नका म्हणायचं कारण काय सांगू?

ताई, खरं सांगू का, पहिले दोन दिवस ते कधी उठतात असं झालं होतं आणि तिसऱ्या दिवशी मी वाट बघत होते. चहा पितात आणि गावाचं बोलतात. सड्यावरची करवंदं, बांधावरचा रायवळ आंबा, शाळेमागची विहीर. मी सात वर्षांची असताना गाव सुटलं. मला जे अर्धंमुर्धं आठवतं ते त्यांच्या तोंडून पुरं होतं. मी "हो, हो" म्हणत राहते. त्यांनाही तेवढंच हवं असतं. "इथं कुनी आमची भाषाच बोलत नाय," म्हणतात. प्रेमाला 'नात' म्हणतात. ती बारा वर्षांची घोडी, तिला आवडतं.

काल मात्र विचारलं, "कुटल्या वाडीतली?" मी "वरच्या वाडीतली" म्हटलं. ते खालच्या आवाठातले आहेत, वरच्या वाडीतले नाहीत, असं आधी बोलून गेले होते, म्हणून धीर केला. मोहिते हे सासरचं. माहेरचं आडनाव वेळवणकर सांगितलं, ते तर खरंच आहे. बाबांना गिरणीत गावावरूनच आडनाव लावलं होतं.

आता मला वरच्या वाडीची माहिती हवी. घरं कुणाची होती, कशी होती, कुणाचं कुणाशी नातं होतं. तू मोठी होतीस तेव्हा. लवकर लिही. ते रोज येतात.

तुझी,
रत्ना


घाटकोपर
२ फेब्रुवारी १९८८

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग लिहायला घेतलं, कारण तू मागितलंस.

वरच्या वाडीत दहा-बारा घरं. मी आईबरोबर सरपणाची फाटी घेऊन जायची, म्हणून मला सगळी ठाऊक आहेत. पहिलं घर साळव्यांचं. मागच्या दारात दगडी डोणी, तिथे एक काळा कुत्रा बांधलेला असायचा. दुसरं त्यांच्या भावाचं, त्याच्या मागच्या पडवीत भाताची कणगी. तिसऱ्या घराच्या मागे शेवगा. तिथली म्हातारी फाटी मोजून घ्यायची आणि वरून एक भाकरी टाकायची. भाकरी फाटकातून टाकायची, पण ऊन असायची.

आता माझ्या लक्षात येतंय की मला सगळी मागची दारं माहीत आहेत. पुढून ती घरं कशी दिसतात हे मला सांगता येणार नाही. अंगणात तुळशी कुठे होत्या, ओटीवर झोपाळा होता का, देव कुठल्या भिंतीला, यातलं काहीही मला विचारू नकोस. म्हाताऱ्याने विचारलं तर विसरले म्हण. लहान होते म्हण.

काशीराम हे नाव ऐकल्यासारखं वाटतं. गावात दोघं-तिघं होते त्या नावाचे.

एक ऐक. गावाचं बोलणं कमी कर. डोकं दुखतं म्हण, झोपते म्हण. त्याला चहा हवा असेल तर चहा दे. गाव देऊ नकोस.

शुक्रवारी मोर्चा आहे. पांढरं पातळ धुऊन ठेवलंय.

तुझी,
सुगंधाताई


मुलुंड (पूर्व)
२० फेब्रुवारी १९८८

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आधी मोर्चाचं लिहिते, मग दुसरं.

पेपरात फोटो आला होता. मी त्यात तुला शोधत होते. पांढऱ्या पातळांची एवढी गर्दी, कुणीही तू असू शकली असतीस. भाऊ जिन्यात पेपर हातात घेऊन उभे होते. मला म्हणाले, "बघितलंत वहिनी? डोक्यावर बसवून ठेवलंय. उद्या आपल्या शेजारी येऊन राहतील." मी हसले. ताई, मी हसले, आणि वर "काय करणार" म्हणाले.

आता दुसरं.

मंगळवारी दुपारी म्हातारे आले. प्रेमा अभ्यास करत होती. शिमगा जवळ आला म्हणून त्यांना पालखी आठवत होती. ते खांदेकरी होते, बरीच वर्षं. सदरा सरकवून त्यांनी खांद्यावरचा घट्टा प्रेमाला दाखवला. तिने बोट लावून बघितला. मग मला म्हणाले, "तुमच्या वाडीत पयल्या दिसाला पालकी. काय सजवायचे गो घरं. आठवतंय का?"

मला आठवत होतं. पालखीचं मला खरंच आठवतं. तेवढं एकच मला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून मी बोलत सुटले. म्हटलं, आधी झाडांतून दिवट्या दिसायच्या. मग ढोल. मग पालखी पऱ्याच्या पाण्यापर्यंत यायची आणि देवीचा चांदीचा मुखवटा सरळ आमच्याकडे बघायचा. क्षणभरच. मग पालखी वळायची. वळताना मुखवट्यावर उजेड पडायचा आणि आई आम्हाला हात जोडायला लावायची.

त्यांनी सदरा सारखा केला. मला वाटलं गहिवरले. मग हळूच म्हणाले, "वलताना?"

"हो," मी म्हटलं.

"वलताना देवी कशी दिसते, आमी कंदी बगितली नाय," म्हणाले. "आमी खाली, दांड्याला. आमची तोंडं गावाकडं. आन् वरच्या वाडीत तर ती घरात यायची. तिथं वलायचा काय कारान?"

पंखा फिरत होता. प्रेमा वहीतून मान वर करून बघायला लागली.

ताई, पालखी पऱ्यावरून वळताना दिसायची ती फक्त पलीकडच्या लोकांना. पलीकडे आपलीच वाडी होती. ती आपल्याकडे कधी आलीच नाही, म्हणून आपल्याला तिचं वळणं दिसलं. इतकी वर्षं मला वाटायचं ते सगळ्यांनाच दिसत असेल.

त्यांनी कप खाली ठेवला. रोज टेबलावर ठेवतात. त्या दिवशी वाकून जमिनीवर ठेवला, अर्धा चहा तसाच. काठी घेतली आणि गेले. त्यानंतर आले नाहीत.

कदाचित त्यांना बरं नसेल. कदाचित म्हातारं माणूस, विसरूनही जाईल. तुला काय वाटतं?

तुझी,
रत्ना


घाटकोपर
२४ फेब्रुवारी १९८८

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

तो विसरणार नाही. त्याला कळलं आहे. कप जमिनीवर ठेवला तेव्हाच कळलं होतं.

मी तुला मागच्या पत्रात लिहिलं की नाव ऐकल्यासारखं वाटतं. मला तो चांगला ठाऊक आहे. तुझी झोप उडू नये म्हणून लिहिलं नाही. आता लिहिते, कारण कुणाला चहा देत होतीस ते तुला माहीत असलं पाहिजे.

बाबा गिरणीत नोकरी लागली म्हणून मुंबईला आले असं आम्ही तुला सांगत आलो. नोकरी नंतर लागली. पालखीपुढे दिवटी धरायचं काम आपल्या वाडीकडे होतं. पऱ्यापर्यंत पुढे चालायचं, पालखी वळली की बाजूला व्हायचं. आपला नारळ पऱ्यातल्या कातळावर ठेवायचा. वरचा कुणी त्याच्यावर पाणी शिंपडून उचलायचा आणि अर्धं भकल पुन्हा कातळावर ठेवून जायचा. हातात नाही. आपण धम्म घेतला त्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला बाबांनी निरोप पाठवला की यापुढे लवू दिवटी धरणार नाही. मग वाडीतल्या कुणीच धरली नाही.

दुकानदाराने आपल्याला मीठ देणं बंद केलं. गुरांची वाट बंद झाली. पऱ्यावर आपण पाणी भरायचो तिथे बोरीचे काटे पडले. बाबा बोलायला वर गेले. ते एकटे गेले, आई नको म्हणत होती. देवळासमोर पालखीच्या खांदेकऱ्यांनी त्यांना धरलं. काशीराम खानविलकर त्यांतला एक. तिथे काय झालं ते बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पुढे कधीच गेला नाही. तुला ते नेहमी डाव्या हाताने उचलून घ्यायचे. तुला वाटायचं ते डावरे आहेत.

त्यानंतर आठवड्याभरात आपण बोटीत बसलो. तुला बोट आठवते, तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, केवढी मजा आली म्हणून. आम्ही सांगू दिलं.

आता तू काय करायचं ते मला सांगता येत नाही. वसाहतीत खोली बघू का, एवढं विचारते. लहान असेल, पण दार लावताना आधी जिन्यात कोण आहे ते बघावं लागणार नाही.

तुझी,
सुगंधाताई


मुलुंड (पूर्व)
१२ मार्च १९८८

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचं उत्तर इतके दिवस लिहू शकले नाही. बाबांच्या हाताचं वाचलं आणि पत्र डाळीच्या डब्यात ठेवलं.

म्हातारे शिमग्याला गावी गेले आहेत. भाऊ एस.टी.त बसवून आले. जिन्यात म्हणाले, "अण्णांना म्हटलं, वहिनींच्या माहेरचंही विचारून या, कोण कोण आहे अजून." हसून म्हणाले. नेहमीसारखंच हसले. मी त्या हसण्याकडे दहादा परत जाऊन बघते.

जानकी दर दोन दिवसांनी विरजण मागायला यायची. आता येत नाही. घरी लावत असेल. परवा पंप लवकर बंद झाला आणि आमच्याच मजल्यावर पाणी चढलं नाही. पंप जुना आहे, मागेही असं झालं होतं. समोरच्या बाईंनी दळणाला हाक मारली नाही. त्या माहेरी गेल्या आहेत असं नंतर कळलं. ताई, मला आता कुठलं खरं आणि कुठलं माझ्या डोक्यातलं ते कळेनासं झालंय. बेल वाजली की मी आधी पडद्याआडून चपला बघते.

प्रेमाने काल विचारलं, "आई, आपली वाडी नक्की कुठली?" मी विचारलं, कशाला. म्हणाली, "वरच्या आजोबांनी विचारलं होतं, जायच्या आधी. मी म्हटलं मला माहीत नाही. खरंच माहीत नाहीये ना मला." मी तिला काही सांगितलं नाही. मुलांना न सांगितलेलंही ऐकू येतं बहुतेक.

ह्यांना मी म्हटलं, सभेच्या आधी आपणच अर्ज मागे घेऊ, ताईकडे खोली बघू. हे म्हणाले, "आणि तिथे गेल्यावर प्रेमाला काय सांगायचं? कुणी काढलं म्हणून आलो? अजून कुणी काढलं नाहीये." मग म्हणाले, "तुळशीला पाणी घाल. वाळायला लागलीय, लोक बघतील."

सभा सत्तावीस तारखेला आहे.

तुझी,
रत्ना


सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व)
२८ मार्च १९८८

श्री. चंद्रप्रकाश मोहिते यांस,

आपल्या सभासदत्वाच्या अर्जावर दि. २७ मार्च रोजीच्या सर्वसाधारण सभेत विचार करण्यात आला. काही सभासदांनी हरकत नोंदवल्यामुळे अर्ज सर्वानुमते अमान्य करण्यात आला आहे. तरी आपण सदनिकेच्या पूर्वीच्या मालकांशी संपर्क साधून व्यवहार परत करण्याची व्यवस्था करावी व सदनिका जून महिनाअखेर रिकामी करावी, ही विनंती. संस्थेस आपल्याबद्दल व्यक्तिशः आदरच आहे.

कळावे,
भा. का. खानविलकर
सेक्रेटरी


मुलुंड (पूर्व)
३ एप्रिल १९८८

प्रिय ताई,

सोसायटीचं पत्र सोबत पाठवते. चिकटवलेलं नव्हतं. घडी घालून मीटरच्या पेटीवर ठेवलं होतं, सगळ्या पत्रांच्या वर. मला मिळालं तेव्हा घड्या मऊ झाल्या होत्या.

ते आलं त्याच दिवशी दुपारी बेल वाजली. पडद्याआडून बघितलं, एकच जोडी चपला आणि काठी. मला दार उघडायचं नव्हतं. उघडलं.

म्हातारे आत आले नाहीत. खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात नारळाचं भकल होतं, पालखीच्या प्रसादाचं. वाकायला त्यांना त्रास होतो. तरी भिंतीला धरून वाकले आणि उंबऱ्यावर ठेवलं. माझा हात पुढे झाला होता, तो त्यांनी बघितला. मग सरळ झाले आणि म्हणाले, "लवूची धाकली ना तू?"

मी हो म्हटलं. या इमारतीत पहिल्यांदा बाबांचं नाव कुणी घेतलं.

म्हणाले, "भाऊनं मला इचारला, येळवनात ही कुनाची? म्या कायबी बोललो नाय. सभेच्या आदी परत इचारला. तवाबी नाय. लवूचा नाव माज्या तोंडातनं गेला नाय. देवीची शप्पत."

ताई, ते खरं बोलत होते. त्यांना वाटत होतं त्यांनी मला वाचवलं. गावचा माणूस गावच्या मुलीचं घर सांगताना गप्प राहतो, याचा अर्थ भाऊला कळणार नाही? मुंबईत जन्मला म्हणून तो काय कोकणातला नाही?

मला वाटलं दार लावून घ्यावं. पण मी विचारलं, "बाबांच्या हाताला काय झालं होतं?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे जिन्याकडे, कुणी ऐकतंय का. मी ओळखलं तसं बघणं. मी रोज तसंच बघते. "लई वर्सं झाली," म्हणाले. मग खांद्यावरच्या घट्ट्यावर हात ठेवला, जसा प्रेमाला दाखवताना ठेवला होता तसा, आणि कठडा धरत वर गेले. मध्ये दोनदा थांबले. मी त्यांचं पाऊल वरच्या दारात जाईपर्यंत उभी होते.

भकल उंबऱ्यावरच आहे. हे कामावरून आले, ओलांडून आत आले. प्रेमा म्हणाली, टाकून देऊ का. मी म्हटलं, राहू दे. तिने विचारलं, का? मग मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. पऱ्या, कातळ, दिवटी, बाबांचा हात, सगळं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मावशी परगावी राहत नाही?" मी तिला तेही खोटं सांगितलं होतं, हे मी विसरले होते.

ह्यांनी चौकशी केली. सोसायटीच्या निर्णयाविरुद्ध निबंधकांकडे दाद मागता येते. वकील म्हणाले, हरकत कशाची ते पत्रात लिहिलेलं नाही, त्यामुळे अर्जात ते तुम्हाला लिहावं लागेल. म्हणजे जे त्यांनी लिहायचं टाळलं ते आम्ही आमच्या हाताने लिहायचं. आम्ही महार होतो, आता बौद्ध आहोत, म्हणून आम्हाला काढत आहेत. दोन दिवस हे कोरा कागद समोर घेऊन बसत होते. काल लिहिलं. मला वाचून दाखवलं, हळू आवाजात. खिडकी उघडी होती. मी उठून लावायला गेले आणि मग नाही लावली.

मला भीती वाटते. ती कमी झालेली नाही, उलट आता दिवसभर असते. दुकानात जाताना पाठीवर डोळे वाटतात. कुणी अजून काही बोललेलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. प्रेमा परवा शाळेतून एकटी आली, तिच्याबरोबर येणाऱ्या दोघी पुढे निघून गेल्या होत्या.

चौदा तारखेला आमच्याकडे ये. बाबासाहेबांच्या तसबिरी तुझ्याकडे दोन आहेत ना, त्यातली लहान घेऊन ये. आमच्या घरात भिंतीला एकही खिळा नाही, हे ठोकून ठेवतील. प्रेमाला तुझ्या हातची खीर खायची आहे.

पुढच्या जिन्याने ये. आणि येते आहेस की नाही ते मला पोस्टकार्डावर कळव.

सप्रेम जयभीम.

तुझी,
रत्ना


पोस्टकार्ड

प्रेषक:
सुगंधा लवू वेळवणकर,
शाखेसमोर, बुद्धविहाराच्या मागे, घाटकोपर (पूर्व)

८ एप्रिल १९८८

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

चौदाला सकाळी येते. बुद्धवंदना इथे करून निघेन. तसबीर आणते, हारही आणते, खिरीला दूध तू घे. पांढऱ्या पातळात असेन, वर निळी फीत असेल.

फाटकापाशी खाली येऊन उभी राहा. घर घेतल्यापासून मी तुझा जिना एकदाही चढलेले नाही. एकटीने चढता येणार नाही.

जावईबापूंना आणि प्रेमाला जयभीम.

तुझी,
सुगंधाताई

ता. क. हे कार्ड आमच्या रत्नाच्या आधी ज्यांनी वाचलं त्यांनाही जयभीम. वाचून झालं असेल तर मोहित्यांच्या दारात टाकावं. उंबऱ्यावर नको, हातात द्यावं.